समाचाराला आलेली मंडळी

फार मागे, एका ओढ्याकाठी साळूबाई साळिंदरीण राहायची. रताळ्यांचा वाफा तिने पोटच्या पोरासारखा वाढवला होता. एका सकाळी त्यातला एक वेल चोराने उपटलेला दिसला आणि तिने हंबरडा फोडला.

समाचाराला सगळं रान लोटलं.

"पहारा ठेवायचात की, वहिनी," रानडुक्कर म्हणाला.

"एवढं उघड्यावर कुणी लावतं का?" माकडीण म्हणाली.

दारी आलेल्याला रिकाम्या तोंडी कसं धाडायचं? साळूबाई रडत रडत रताळी उकरत राहिली आणि मंडळी हळहळत खात राहिली. संध्याकाळी वाफ्यात नुसती माती उरली.

पुढच्या वर्षी चोर पुन्हा आला. साळूबाईने उपटलेला वेल मुकाट्याने पाचोळ्याखाली झाकला.

"काय वहिनी, सगळं ठीक ना?" रानडुकराने जाता जाता विचारलं.

"सगळं जागच्या जागी आहे, भाऊजी."