मेलेली कॉइल

"...म्हणजे उस्ताद, तुम्ही फोनवर एवढंच म्हणायचं, कॉइल मेलेली आहे. मग तो पैसे परत करतो."

दस्तगीर मिस्त्रींनी हात पुसले.

जिनपाल त्यांचाच चेला. आता जयसिंगपुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि गुरूकडे तो क्वचितच फिरकायचा.

एका गिऱ्हाइकाच्या टू-स्ट्रोक गाडीसाठी त्यानं प्लगला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल, वापरलेली, ऑनलाइन मागवली होती. विकणारा बार्शीचा. चालू माल परत घेणार नाही, मेलेला निघाला तरच घेईन, असं त्यानं आधीच लिहिलं होतं. जिनपालनं त्याला ठिणगी पडत नसल्याचा व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, दस्तगीर उस्ताद मेली म्हणाले तर मला दुसरा पुरावा नको.

उस्तादांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला.

प्लग इंजिनाला टेकवल्याशिवाय ठिणगी पडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. व्हिडिओत प्लगचं टोक दिसत होतं. तो कुठं टेकलाय, ते दिसत नव्हतं. धरणारा हातही नाही.

"गिऱ्हाइकाची गाडी कुठाय?"

"विकून मोकळा झाला तो. कॉइल माझ्या गळ्यात."

"हं..."

उस्तादांनी दारातली आपली जुनी गाडी स्टँडवर चढवली. तिची कॉइल काढून ही बसवली. मग प्लगची टोपी उपटून उघडी तार जिनपालपुढं केली.

"मेली आहे ना? मग झटका बसायचा नाही. धर. दुसरा हात इंजिनावर ठेव."

"प्लग लावून बघू की."

"प्लग व्हिडिओत बघितला."

जिनपाल हसला. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी चावी फिरवली आणि किकवर पाय ठेवला.

जिनपालनं तार चिमटीत धरली. कपाळावर घाम आला होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"माझ्यावर विश्वास नाही होय, उस्ताद?"

"आहे. म्हणून तर पाय ठेवलाय."

...

उस्तादांचा पाय अजून हलला नव्हता.

तार जिनपालच्या चिमटीतून सुटली.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली.

मग उस्तादांनी किकवरून पाय काढला. बाकड्यावरचा फोन उचलून जिनपालच्या हातात दिला.

"व्हिडिओ परत काढ. आता हात पण येऊ दे त्यात."