नवशी जिथं थांबायची

“मग चूक कुठं झाली, तेवढं तरी सांग ना!”

सुगंधा तासभर उन्हातून चालत आली होती, आणि पाणीसुद्धा न पिता हेच विचारत होती.

लाडी डोसी अंगणात नागली पाखडत होती. डोसी म्हणजे म्हातारी. आमच्या वारली पाड्यांवर हा शब्द मानानं वापरतात, आणि लाडी डोसीच्या बाबतीत तर जरा घाबरूनच.

“चूक नाय झाली,” डोसी म्हणाली. “सगळं बरोबर होतं.”

“मग काल लग्नातून तू मध्येच उठून का गेलीस?”

“सगळंच बरोबर होतं म्हणून.”



आमच्याकडे लग्न धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई. तिनं गाऊन देवाला बोलावलं नाही, तर लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. चाळीस वर्षं हे काम सुगंधाच्या आजीनं, नवशीनं केलं. लाडी डोसी तिच्या जोडीला गायची. मागच्या भातकापणीत नवशी गेली. तिच्या मातीला सात पाड्यांची माणसं जमली होती. त्यातल्या निम्म्या बायकांची लग्नं तिनंच लावलेली. सख्खी आई गेल्यासारख्या त्या रडल्या.

सुगंधा आश्रमशाळेत शिकवते. आजीची सगळी गाणी तिनं मोबाईलमध्ये भरून घेतली होती, आणि सारा हिवाळा बसून ती पाठ केली. कालच्या लग्नात आजीच्या जागेवर ती पहिल्यांदा बसली. तिला एकच धास्ती होती. आपल्या हातून एक शब्द जरी सांडला, तर तेवढी आजी गेली.

“कालचं म्हण पाहू,” डोसी म्हणाली. “आयसच्या अंगणाचं.”

आयस म्हणजे आई. आईचं अंगण सोडून निघालेल्या नवरीचं हे गाणं आहे.

सुगंधानं मांडी घातली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज थेट नवशीचा. डोसीचं सूप हातातच राहिलं.

तिसरं कडवं संपलं आणि सुगंधा गप्प झाली.

...

मग चौथं कडवं आलं.

“थांब,” डोसी म्हणाली. “मध्ये गप्प का बसलीस?”

“आजी थांबायची तिथं. माझ्याकडे पाच लग्नांतलं गाणं आहे, पाचही वेळा थांबलीय. कधी चोवीस सेकंद, कधी चाळीस. मी तीस धरले.”

“तीस!”

डोसीनं पदर तोंडाला लावला. इतकी हसली, की तिला ठसका लागला.

सुगंधाचा चेहरा उतरला. “हसतेस काय? तेवढा वेळ मी डोळे मिटून आजीला आठवते.”

डोसीचं हसू गेलं. तिनं सूप खाली ठेवलं.

“ती थांबायची, तवा तू कुठं असायचीस?”

“तिच्या शेजारीच. मोबाईल धरून.”

“आणि बघायचीस कुठं?”

“मोबाईलमध्ये. आवाज नीट भरतोय की नाही ते...”

ती बोलता बोलता अडखळली.

“लाव एकदा,” डोसी म्हणाली.

सुगंधानं मोबाईल लावला. नवशीचा आवाज अंगणात आला. कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्या टिपत राहिल्या. दोघी मात्र हलल्या नाहीत. तिसरं कडवं संपलं. पुढे काहीच नाही. लांबून कुणाचं तरी खोकणं, आणि अगदी जवळ काकणांचा बारीक आवाज. मग पुन्हा नवशी.

“तुझ्या लग्नात नवशीच होती ना गायला?” डोसीनं विचारलं. “तवा किती थांबली होती?”

“आता कसं सांगू? त्याचं रेकॉर्डिंग नाही माझ्याकडे.”

डोसी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि सुगंधाच्या समोर येऊन बसली. तिसरं कडवं तिनं स्वतः म्हटलं. आवाज चिरका लागला, दोन शब्दही इकडचे तिकडे झाले. कडवं संपल्यावर ती थांबली. सुगंधाच्या हनुवटीखाली हात घालून तिनं तिचं तोंड वर उचललं, आणि नुसती बघत राहिली.

हात खरबरीत होता, नागलीच्या भुशानं माखलेला. अंगठ्यानं तिनं सुगंधाचा एक गाल पुसला, मग दुसरा. दोन्ही कोरडे होते. तिनं पुन्हा पुसले, तेव्हा कोरडे नव्हते.

“असंच...” सुगंधा म्हणाली. “असंच केलं होतं गं आजीनं. माझं रडू थांबेपर्यंत तिनं हात काढला नव्हता. वऱ्हाडी कुरकुर करत होते, तरी नाही काढला. आणि मी... मी हे विसरूनच गेले होते.”



आजी गेल्यापासून सुगंधा रडलीच नव्हती. पाठांतरातून सवड कुठं होती? ती आता रडली, हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. डोसीनं तिला रडू दिलं.

जरा वेळानं सुगंधानं पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसता एकदम दचकली.

“डोसी, कालची नवरी... रडत होती का गं?”

“मला काय विचारतेस? समोर तू होतीस.”

“मी डोळे मिटून होते.”

“तिचं सासर ओढ्यापलीकडंच हाय.”

सुगंधा उठली. चपला पायात सरकवल्या, आणि मोबाईल उचलून पिशवीत टाकू लागली.

“तो ठेवून जा,” डोसी म्हणाली. “मला पण नवशी ऐकायचीय.”