माळावरचं ऊन

डोक्यावर पिवळं हेल्मेट चढलं की माणसाला आपली अक्कल वाढल्यासारखी वाटते. नगरकर साहेबांचं तसंच झालं. सौर प्रकल्पासाठी त्यांनी नेमका ठकूबाई धनगरणीच्या चराईचा माळ निवडला आणि खुंट्या ठोकल्या. माळ गेला तर चाळीस मेंढरं उपाशी मरणार, म्हणून बाई आडवी आली.

साहेब हसून म्हणाले, "मावशी, कोळशाचा धूर होतो, वारा पडतो, धरणात गावं बुडतात. ऊन मात्र फुकट! दिवसा बॅटरीत साठवायचं, रात्री वापरायचं. याहून भारी बॅटरी दाखवा, खुंट्या आत्ता उपटतो."

"ही बघा की!" ठकूबाईनं एक गाभण मेंढी पुढं ढकलली. "उन्हावर गवत वाढतं, त्ये हिच्यात साठतं आन् रातीला घोंगडं होऊन ऊब देतं. तुमची बॅटरी म्हातारी झाली की भंगारात जाती. माझी जायच्या आधी चार नव्या देऊन जाती. तुमची कधी व्याली का, साहेब?"

खुंट्या ठोकणारे गडीसुद्धा पोट धरून हसले.

"आन् ऊन त्या उघड्या खडकावरबी पडतंय," बाई हळूच म्हणाली. "तिथं गवताची काडी उगवत न्हाई."

साहेबांनी खडकाकडं पाहिलं, मेंढीकडं पाहिलं, आणि वाकून पहिली खुंटी स्वतःच उपटली. साहेब शब्दाचे पक्के निघाले!