सगळ्या दारांना एकच वाक्य

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते, पण ते लांब राजधानीत राहायचे, आणि गावातल्या माणसांना राजापेक्षा शेजाऱ्याची जास्त काळजी असायची. अशाच एका डोंगराखालच्या गावात दोन बहिणी आपल्या आईबरोबर राहत होत्या. वडील त्यांच्या लहानपणीच गेले होते. थोरली घर सांभाळायची. धाकटी हुशार, म्हणून आईने तिला राजधानीच्या पाठशाळेत शिकायला ठेवलं होतं.

धाकटी शिकून परत आली, तेव्हा ती फार सुंदर बोलायला लागली होती. तिच्या वाक्यात चूक म्हणून सापडायची नाही. मनाने मात्र ती होती तशीच राहिली, सशासारखी. मागून कुणी हाक मारली की दचकायची, आणि कुणाच्या दारात उभं राहायचं म्हटलं की तिच्या तळहातांना घाम सुटायचा. अशा वेळी एखादं नीट बांधलेलं वाक्य तिला आधाराला लागे. ते म्हणून टाकलं की सुटका.

त्या वर्षी थोरलीचं लग्न ठरलं. लग्नाचं आवतण घरोघरी जाऊन तोंडाने द्यायची त्या गावाची रीत होती. नेमका आईचा पाय मुरगळला, आणि ते काम धाकटीवर आलं.

निघताना थोरलीने तिला जवळ ओढून घेतलं. बाकी कुणाचं काही म्हणत नाही, पण मामा आला पाहिजे, असं ती म्हणाली. त्या गावात नवरीला मांडवात मामाच आणायचा. आणि या दोघींचा मामा तर रुसून बसला होता. कुठल्याशा बारशाला आईच पंगती बसवत होती, आणि गर्दीत त्याला पहिल्या पंगतीला बसवायचं तिच्याकडून राहून गेलं. तो दुसऱ्या पंगतीत मुकाट्याने जेवला, हात धुतले, आणि गेला तो पुन्हा आलाच नाही.

“बाबांच्या मागं मला त्यानंच खांद्यावर खेळवलं,” थोरली म्हणाली. “तो नसेल तर मी मांडवात पाऊल टाकायची नाही. मग लग्न मोडलं तरी चालेल.”

धाकटी घाबरली. चूक होऊन चालणार नव्हती. तिने विहिरीभोवती फेऱ्या घालत एक वाक्य तयार केलं: “आमच्या ज्येष्ठ भगिनीच्या विवाहप्रसंगी आपण सहकुटुंब उपस्थित राहून आम्हांस उपकृत करावे.” ते तिने घोटून घोटून पाठ केलं. सगळ्यांना हेच सांगायचं, म्हणजे कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

पहिलं दार गावच्या मुखियाचं. त्याला हात जोडलेले आवडायचे आणि मोठाले शब्दही. तो प्रसन्न झाला. धाकटीला धीर आला.

दुसरं दार शेजारच्या मावशीचं. या मावशीने धाकटीला कडेवर घेऊन गाव फिरवलं होतं, तिच्या केसांतल्या उवा काढल्या होत्या. धाकटीने उंबऱ्याबाहेर उभं राहून वाक्य म्हटलं. मावशीने मागे वळून पाहिलं. ‘आपण’ म्हणण्यासारखं कोण आपल्या पाठीशी येऊन उभं राहिलंय, असं तिला वाटलं. कुणीच नव्हतं. “बरं हो,” एवढंच मावशी म्हणाली आणि पुन्हा चुलीकडे वळली.

पुढच्या दारातल्या मेंढपाळाला वाक्यातलं ‘उपस्थित राहून’ तेवढं उमगलं. असलं काही फक्त कोतवालाचा शिपाई येऊन सांगतो, हे त्याला ठाऊक होतं. आपला काय गुन्हा झाला याचा विचार करत त्याने मेंढरं हाकली आणि तो डोंगरावर निघून गेला.

बाकीच्या दारांतही तिने हेच वाक्य म्हटलं. शेवटी ओढ्यापलीकडे मामाचं घर. मामा ओट्यावर दोर वळत बसला होता. भाचीला पाहून त्याचे हात थांबले. मामीने लगबगीने गूळपाणी आणलं. पण धाकटीच्या छातीत धडधडत होतं, वाक्य विसरेल असं तिला वाटत होतं. ती बसली नाही, पाण्याला नको म्हणाली, आणि उभ्याउभ्याच वाक्य म्हणून मोकळी झाली. एक शब्दही चुकला नाही.

मामा पुन्हा दोर वळायला लागला. “निरोप पोचला म्हणून सांग,” तो म्हणाला.

घरी येऊन धाकटीने आनंदाने सगळं सांगितलं. आईने फक्त विचारलं, मामाकडे पाणी प्यायलीस का? नाही म्हटल्यावर आई पाय धरून भिंतीकडे पाहत बसली.

हळदीचा दिवस उजाडला. मुखिया तेवढा वेळेवर आला आणि जाजमावर एकटाच बसला. मांडवाला डहाळ्या बांधायला माणूस नव्हतं. हळद दळायला गावातल्या बायका यायच्या, तर जात्याजवळ कुणीच नव्हतं. थोरली कोऱ्या लुगड्यात आतल्या खोलीत बसली होती. ती रडत नव्हती. ते धाकटीला जास्त लागलं.

ती धावत मावशीकडे गेली. दारात पोचल्यावर वाक्याची सुरुवात केली, पण ते पुढं सरकेनाच. तेव्हा ती सरळ आत जाऊन मावशीच्या पाठीला चिकटली आणि रडत म्हणाली, “मावशे, हळद दळायला कुणी नाहीये गं. तू चल ना.”

मावशीने हात पुसले. “एवढं सांगायला तुझी जीभ का अडत होती? परवा मला वाटलं, पोर आता मोठ्या घरची झाली, आपण तिच्यात कशाला जायचं.” बोलता बोलता तिने पदर खोचलाही होता.

धाकटीने मामाचं सांगितलं. मावशी ऐकून हसली. “अगं, त्याला मान द्यायला निघालीस होय? मान काय, परकीही देतात. घरचं माणूस रुसलं की त्याच्याशी भांडावं लागतं, बाई. इतकी वर्षं तो वाट बघतोय, कुणी भांडायला येतंय का म्हणून.”

आता धाकटीला भांडण म्हटलं की कापरं भरायचं. दुसऱ्यांच्या भांडणातही ती कानांवर हात ठेवून उभी राहायची. पण आतल्या खोलीत थोरली बसली होती. धाकटीने ओढा ओलांडला. मामाच्या ओट्यावर जाऊन धपकन बसली. मामीकडून पाणी मागून घेतलं, गटागटा प्यायली, आणि भांडं खाली ठेवलं.

“मामा, तू वाईट आहेस,” ती म्हणाली. “पाठशाळेतून आले तेव्हा वेशीपर्यंत माझी नजर तुझी बैलगाडी शोधत होती. सगळ्यांना न्यायला कुणी ना कुणी आलं होतं. मी बोचकं घेऊन एकटी चालत आले.”

मामाचा दोर हातातून सुटला. मग तोही उसळला. पंगतीचं बोलला, पाठच्या बहिणीने एकदाही विचारलं नाही हे बोलला, आवाज चढवून बोलला. धाकटी दचकली, पण उठली नाही. त्याचं संपेपर्यंत तिने ऐकलं. मग हळूच म्हणाली की आईचं चुकलंच. पण मग तिथंच पानावर बसून आईला चार शब्द ऐकवायचे होतेस. आम्ही दोघींनी काय केलं होतं? थोरली कोरं लुगडं नेसून बसलीय, तू आल्याशिवाय उठत नाही म्हणते.

मामाने आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि तिच्या हातावर ठेवला.

“खा आधी,” तो म्हणाला. “रिकाम्या पोटी भांडायला शिकवतात का तुमच्या पाठशाळेत?”

आणि मामीला त्याने फेटा काढायला सांगितलं.

तोवर मावशीने अर्ध्या गावातल्या बायका गोळा केल्या होत्या. डोंगराखाली उभं राहून धाकटीने मेंढपाळालाही हाळी दिली, की दादा, शिक्षा नाही, जेवण आहे, खाली ये. मामा आला तो मांडवाला नावं ठेवतच आला. मेढी वाकड्या, डहाळ्या सुकलेल्या, या घरात कुणाला काही येत नाही. आई लंगडत दाराशी आली, आणि त्याचं ते बोलणं ऐकता ऐकता तिने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला थोरली मामाचा हात धरून मांडवात आली.

पुढे त्या गावात कुणाचंही आवतण असलं की लोक धाकटीलाच पाठवू लागले. अजूनही प्रत्येक दाराशी तिच्या छातीत धडधडायचं. पण आता ती आधी बसायची, पाणी प्यायची, समोरच्याकडे नीट बघायची, आणि मगच तोंड उघडायची. मुखियाच्या दारात मात्र ती पाठशाळेतलंच वाक्य म्हणे, कारण तिथं तेच शोभायचं.

लहानथोरांनो, बोध एवढाच: शब्द नुसते बिनचूक असून भागत नाही, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या नात्याला ते शोभावे लागतात.