फुसासानच्या नावातला ‘उ’

“मग तो ‘उ’ जातो तरी कुठे?”

श्रीपाद कोपरकरने विचारलं आणि वही उघडून बसला.

काइगेन भिक्षू ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत होते. वय एक्क्याऐंशी. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीपाद पुण्यात जपानी शिकवायचा. त्या भाषेतली सगळ्यात वरची परीक्षा तो पहिल्याच खेपेला पास झाला होता, आणि भेटेल त्याला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. जपानच्या डोंगरातल्या या लहानशा मठात तो महिनाभर राहायला आला होता. सकाळी ध्यान, दुपारी गावच्या बोलीचा अभ्यास.

“कुठला ‘उ’?” भिक्षूंनी विचारलं.

“‘देसु’मधला. लिहायचं ‘देसु’, बोलायचं नुसतं ‘देस्’. ‘सुकी’चं ‘स्की’, ‘कुसा’चं ‘क्सा’. इथे पूर्ण शब्द कुणी बोलतच नाही. सगळे स्वर स्वच्छ उच्चारणारा मी एकटाच.”

“खरं आहे. तू बोलायला लागलास की मला रेल्वे स्टेशनवरची घोषणा आठवते.”

श्रीपादला ती स्तुती वाटली.

“फुसासाननाही मी सांगून पाहिलं,” तो म्हणाला.

फुसासान मठातल्या स्वयंपाकीणबाई. चाळीस वर्षं मठाची चूल त्यांच्याच हातात होती. ‘सान’ हे जपानीत नावाच्या शेवटी आदराने लावतात.

“काय सांगितलंस?”

“त्यांनी सूप चाखलं आणि ‘उमेए’ म्हणाल्या, म्हणजे झकास झालंय. मी म्हटलं, शब्द ‘उमाई’ असा आहे. ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ऐकू आले पाहिजेत, तुम्ही दोघांचा मिळून एक ‘ए’ करता.”

“मग?”

“ऐकून घेतलं त्यांनी.”

“आणि त्यानंतर?”



“त्यानंतर... बोलल्या नाहीत. चार दिवस झाले. वाढतात आणि आत निघून जातात.”

भिक्षूंनी एक शेंग मोडली. दाणे टोपलीत टाकले.

“तुझं नाव लिही. तुमच्या लिपीत.”

श्रीपादने लिहिलं.

“आता एकेक अक्षर वाच.”

“श्री. पा. द.”

“शेवटच्या अक्षरात ‘अ’ आहे?”

“आहे.”

“आता नाव सांग.”

“श्रीपाद्.”

“‘अ’ कुठे गेला?”

श्रीपादने वहीत लिहिलेलं नाव पुन्हा वाचलं.

“कुठे गेला?”

“शेवटचा ‘अ’ आमच्याकडे बोलत नाहीत.”

“कुणीच?”

“कुणीच नाही.”

भिक्षूंनी पुढची शेंग घेतली. “घरी तुला काय म्हणतात?”

“आई ‘शिरपा’ म्हणते.”

“मग तिला शिकवलंस का, कसं म्हणायचं ते?”

श्रीपाद हसला. शिरपा, चहा निवतोय रे... आईची हाक त्याला कानाशी ऐकू आल्यासारखी वाटली. त्या हाकेत कोणता स्वर राहिला आणि कोणता गेला, हे त्याने आयुष्यात कधी तपासलं नव्हतं.

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

फुसासान पीठ मळत होत्या. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

“माझं चुकलं,” श्रीपाद म्हणाला.

त्या मळत राहिल्या.

“तुमचं नाव मला नीट म्हणता येत नाही. शिकवाल?”

हात थांबले.

“म्हणा.”

“फु-सा.”

“ही कोण बाई? माझ्या ओळखीची नाही.”

त्यांनी चिमूटभर कोरडं पीठ तळहातावर घेतलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. त्याचा हात उचलून त्याच्याच गळ्यावर ठेवला.

“पीठ उडालं पाहिजे. गळा थरथरता कामा नये.”

त्याने पुन्हा म्हटलं. गळा थरथरला.

“अजून कुणीतरी दुसरीच.”

पुन्हा म्हटलं. पुन्हा थरथरला. सातव्या की आठव्या वेळी त्याने ओठ ‘उ’साठी गोल केले, आवाज आतच ठेवला, नुसता श्वास सोडला, आणि मग ‘सा’ म्हणाला.

गळा शांत होता. पीठ उडून फुसासानच्या भुवयांवर, नाकावर बसलं.



फुसासाननी डोळे पुसले. त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांना असं हसू फुटलं की टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“हां,” त्या म्हणाल्या. “ही मी.”

मग पातेल्यातलं सूप पळीने चाखलं, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, “उमेए.”

त्यांनी पळी पुढे केली. त्यानेही चाखलं.

“उमेए,” तो म्हणाला.

ओसरीवर परतला तेव्हा त्याच्या बाहीला पीठ लागलेलं होतं. तो घाईघाईने भिक्षूंसमोर बसला.

“स्वर जात नाही,” तो म्हणाला. “ओठ त्याच्यासाठी गोल होतात. श्वास त्याच्यासाठी सुटतो. त्याच्या वाट्याचा वेळही त्याला मिळतो. फक्त आवाज नसतो.”

“बरं.”

“पण मग वहीत काय लिहू? तो आहे, की नाही?”

भिक्षूंनी टोपली बाजूला सारली. श्रीपादकडे पाहत ओठ गोल केले, श्वास सोडला...

काहीच ऐकू आलं नाही.

“एवढंच लिही.”