एकवीस दिवसांचा पंचाग्नी

"मी कुठं कमी पडलो, महाराज?"

सोमपुरीने खांद्यावरची झोळीही अजून उतरवली नव्हती. घाटावरच्या निंबाळ्याहून चार दिवस पायी चालून तो समुद्रकाठी, गुरूंच्या झोपडीत आला होता.

केवलपुरी महाराज धुनीतली राख सारखी करत राहिले.

मग सोमपुरीने सगळं सांगितलं. पावसाने दडी मारली तेव्हा गाव तलावाच्या काठी विहीर खणायला निघालं होतं. त्यानेच अडवलं. फावडी खाली ठेवा म्हणाला, मी पंचाग्नीला बसतो, एकवीस दिवसांत पाऊस आणतो. भोवती चार धुन्या, माथ्यावर ऊन. एकवीसचे चाळीस दिवस झाले. अंगाची सालं निघाली, आभाळ मात्र ढिम्म हललं नाही. आता तलावात पंधरा दिवसांचं पाणी उरलं होतं.

"समुद्र तर तापलाय म्हणतात. वाफही जास्त निघते. मग ती आमच्याकडे का येत नाही?"

महाराज उठले. त्याला भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभं केलं.

पाणी कोमट होतं. सोमपुरीने पाय मागे घेतला.

"यानेही पंचाग्नी मांडलाय," महाराज म्हणाले. "तुझ्या आधीपासून."

झोपडीत परतल्यावर त्यांनी धुनीपासून हातभर अंतरावर उदबत्ती खोचली. धूर निखाऱ्यांकडे ओढला गेला. थंड समुद्राकडून तापल्या जमिनीकडे वारा जातो, एवढं सोमपुरीलाही ठाऊक होतं. त्याने मान डोलावली, जरा घाईनेच.

महाराजांनी चिमट्याने अर्धे निखारे उचलले आणि उदबत्तीच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर ठेवले. "हा यंदाचा समुद्र."

धूर सरळ झाला. कुणाकडेच न जाता जागच्या जागी वर चढत राहिला...

"इथले नाखवे सांगतात," महाराज म्हणाले, "यंदा ढग किनाऱ्याला लागतच नाहीत. दर्यावरच उठतात, दर्यावरच रिते होतात."

सोमपुरीने पुन्हा त्या सरळ धुराकडे पाहिलं. चाळीस दिवस आपण समुद्राच्या आगीपुढे चार धुन्या पेटवून बसलो होतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"म्हणजे माझ्या तपाने काहीच..."

"घाम आला असेल."

गावात लोक अजून सोमपुरीच्या शब्दावर बसून होते. मी चुकलो, फावडी उचला, एवढंच सांगायचं होतं. जिभेला मात्र ते जड जात होतं.

"थोडी वाट पाहिली तर, महाराज? समुद्र निवेल, वारा फिरेल... मग मला काही बोलावंच लागणार नाही."

महाराजांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"समुद्र निवायला पिढ्या जातील. तुला?"