निळ्या दोऱ्याची गाठ

फार मागची, डोंगरांना नावे पडायच्याही आधीची ही गोष्ट.

एका खोल दरीभोवती पाच टेकड्या होत्या आणि प्रत्येक टेकडीवर एक वाडी. पहिल्या वाडीत पाणचक्की होती, दुसरीत भात कांडायचे मोठे उखळ, तिसरीत लोहाराचा भाता. उरलेल्या दोन वाड्यांकडे काहीच नव्हते. दळण न्यायचे तर दरी उतरायची, पुन्हा चढायची. जाऊन येईतो दिवस मावळत असे.

दरीच्या मधोमध एक उघडा सुळका होता. तिथे दोर वळणारा एक माणूस एकटाच राहत असे. त्याने बारा वर्षे खपून पाचही वाड्यांपर्यंत दोर ताणले आणि ते सुळक्यावरच्या कप्प्यांवरून फिरवले. आता आपल्या अंगणातला एक दोर ओढला की धान्याची टोपली चक्कीपाशी पोचे. दुसरा ओढला की तिथल्या बांधाची फळी उचलली जाई, पाणी सुटे आणि चक्की फिरू लागे. चक्की एका वाडीत, पण दळण पाचही वाड्यांत. उखळाचे तसेच आणि भात्याचेही तसेच.

हे पाहून एक व्यापारी सुळक्यावर चढून आला. म्हणाला, "कप्प्यांना झाकण घाल, कुलूप लाव. गुपित राहिलं तर लोक तुझ्या पाया पडत येतील."

"पाया पडणारे नकोत मला," दोरवाला म्हणाला. "शेजारी हवेत."

त्याने झाकण घातले नाही. उलट वाड्यावाड्यांतल्या दोराच्या प्रत्येक खांबावर एक फळी ठोकली. कप्पी कशी बसते, गाठ कशी मारायची, सगळे त्या फळीवर कोरून ठेवले. खाली चारच शब्द कोरले: पाहा. वापरा. बदला. वाटा.

मग तो शेजाऱ्यांची वाट पाहू लागला.

दोर अडखळू लागला की वाडीतले लोक त्याला तांबडी चिंधी बांधत. चिंधी सरकत सरकत सुळक्यावर येई आणि दोरवाला धावत जाऊन बिघाड काढी. सगळे ठीक असले की कोणी काही बांधत नसे. त्यामुळे ज्या दिवशी त्याचे काम सर्वांत चांगले होई, त्या दिवशी सुळक्यावर वाऱ्याशिवाय काहीच येत नसे. कधी कधी तो उगाच दोराला कान लावून बसे. पलीकडे कोणीतरी ओढते आहे, एवढे त्याला कळे. कोण, ते कळत नसे.

माणूस मोठा काटेकोर होता. रोज सकाळी तो सगळे दोर सुळक्यावरून ओढून ओढून तपासे. सुरुवातीच्या वर्षांत त्याला मध्येच परकी गाठ दिसे. कधी सालीच्या वाखाची, कधी जुन्या लुगड्याच्या पट्टीची, कधी उलट्या हाताने मारलेली. ओबडधोबड गाठ त्याच्या डोळ्यांना खुपे. तो ती सोडी आणि तिथे आपली नीटस गाठ मारी. सुटलेला तुकडा मात्र टाकून देत नसे. तो एका करंडीत ठेवी, काय सांगावे, उपयोगी पडेल.

हळूहळू परक्या गाठी कमी झाल्या. मग थांबल्याच. 'कंटाळले असतील,' तो मनाशी म्हणाला.

वर्षे गेली. त्याची बोटे आखडली. गाठ आवळताना अंगठा थरथरू लागला. आपल्यामागे हे दोर कोण राखणार, या विचाराने त्याला घास गोड लागेना. एके दिवशी त्याने पाच टोपल्यांत पाच निरोप घातले: 'शिकायला या.' पाचही टोपल्या रिकाम्या परत आल्या.

त्याच हिवाळ्यात धुक्याने दोर ओले झाले आणि पाचव्या वाडीचा दोर सुळक्यावरच्या गाठीपाशी निसटून दरीत पडला. दोरवाल्याने त्याचे टोक वर ओढून घेतले, पण बोटांना गाठ काही जमेना. तिसऱ्या दिवशी त्या वाडीतली एक म्हातारी डोक्यावर जोंधळ्याचे गाठोडे घेऊन सुळक्यावर आली.

"काय रे दोरवाल्या, जिवंत आहेस की तुलाही धुकं लागलं?" धापा टाकत ती म्हणाली. "चक्कीकडे निघाले होते. म्हटलं, वाटेत तुझं तोंड बघून जावं."

"मावशी, बोटं चालत नाहीत आता," तो म्हणाला. मग त्याच्या मनातले बाहेर आलेच. "पण तुम्ही कोणी का नाही बांधलात? फळीवर सगळं कोरून ठेवलंय. झाकण नाही, कुलूप नाही!"

म्हातारीने गाठोडे खाली ठेवले. "बांधला नव्हता होय? मी तीनदा बांधला. तीनदा सोडलास. माझी गाठ वाकडी, पण आपणहून सुटली होती का कधी?"

दोरवाल्याने आत जाऊन करंडी आणली.

म्हातारी एकेक तुकडा उचलू लागली. "ही माझ्या लुगड्याची पट्टी. हा वाख सुताराचा, तो डावखुरा. गेला बापडा दुसऱ्या मुलखात. आणि ही..." तिच्या हातात निळ्या दोऱ्याची जाड दोरी होती. "ही आमच्या विणकरणीची. ओल्या दोराला घसरणार नाही अशी गाठ शोधलीय म्हणायची. पहिल्यांदा सोडलीस तेव्हा हसली. दुसऱ्यांदा पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा म्हणाली, फळीवरचं 'बदला' नुसतं शोभेला आहे गं."

"तिला बोलावशील का, मावशी? मी... मी तिच्याकडून शिकेन."

"ती वारली रे, तीन वर्षं झाली."



दोरवाल्याने ओढून घेतलेले टोक म्हातारीच्या हाती दिले. "तू बांध," तो म्हणाला. ती बांधू लागली. दोराचा पदर खाली, पीळ उलटा, टोके लोंबती. ते सरळ करायला त्याचे हात शिवशिवले, तेव्हा त्याने ते काखेत दाबून धरले. गाठ वेडीवाकडी झाली, पण टोपली दरीपार गेली.

ती गाठ त्याने सोडली नाही, हे महिनाभरात पाचही वाड्यांना कळले. आधी एक आला, मग दोघे. पुढे दोरांवर नाना तऱ्हेच्या गाठी दिसू लागल्या आणि दोरवाल्याच्या माघारीही चक्की फिरत राहिली.

जिवंत होता तोवर मात्र तो रोज सकाळी ती निळी दोरी घेऊन बसे. दोरीवर जुन्या वळणांच्या खुणा राहिल्या होत्या. इथून वळली असेल, इथून आत गेली असेल, असे म्हणत तो ती खुणांवरून वळवून पाही. शिकायला आलेल्यांनीही वळवून पाहिले.

विणकरणीची ती गाठ पुन्हा कोणालाच जमली नाही.

तात्पर्य: घर उघडे ठेवणाऱ्याने आत आलेल्याच्या हातालाही जागा द्यावी, नाहीतर उघड्या दाराच्या घरातही माणूस एकटाच राहतो.